सूर्यास्तापूर्वी पोहोचायचे होते

जून २०२४मध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासणीचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि त्यावरील काळ्या भागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढली. समोरचे मला उत्तम दिसते. वर्तमानपत्र मी आजही चष्म्याने वाचतो. मात्र काचबिंदूने दोन्ही कडांची नजर हळूहळू खाल्ली आहे, आणि बाजूने येणारे वाहन मला वेळेवर दिसणार नाही, एवढा त्या काळ्या भागाचा अर्थ होता. "गाडी आता दुसऱ्याला चालवू द्या," ते म्हणाले. सदतीस वर्षे बँकेत ताळेबंद तपासण्यात गेली. आकडा पटल्यावर वाद घालण्याची सवय राहिलेली नाही. महिन्याभरात गाडी विकली.

गाडी गेल्याचे दुःख फार नव्हते. खरी अडचण नंतर ध्यानात आली. कोठेही जायचे म्हटले की दुसऱ्याची सवड विचारावी लागते. पुण्याचा मुलगा भला आहे, "बाबा, ड्रायव्हरसह गाडी ठरवून देतो, तुम्ही फक्त तारीख सांगा," असे तो दर वेळी म्हणतो. परंतु तारीख सांगणे म्हणजेच परवानगी मागणे, हे त्याला अजून कळायचे आहे. तेव्हा त्या वर्षीच्या भाऊबीजेला, म्हणजे ३ नोव्हेंबरला, अक्काकडे एकट्याने आणि सरकारी वाहनानेच जायचे, असे मी ठरवले. जमले तर पुढची काही वर्षे आपल्या हातात आहेत. न जमले तर मुलाचे ऐकावे.

अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिचे गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, कवठेमहांकाळच्या पुढे. सूर्यास्तानंतर ती पाणीदेखील घेत नाही, आणि भाऊबीजेला भाऊ जेवल्याखेरीज ती पानावर बसत नाही. या दोन नियमांची बेरीज वाचकांच्या लक्षात आली असेलच. नोव्हेंबरच्या आरंभी आमच्याकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो. मी त्याआधी पोहोचलो नाही, तर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उपाशी राहावे लागणार होते.

साताऱ्याहून निघताना पहिला प्रश्न रेल्वे स्टेशनला पोहोचण्याचा असतो. आमचे गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आणि स्टेशन पाच-सहा किलोमीटरवर माहुलीच्या बाजूला. रेल्वेने जुन्या काळी आपला मार्ग पाहिला, गावे पाहिली नाहीत. पुण्याहून निघालेला हा लोहमार्ग नीरा, लोणंद, आदर्कीचा घाट असे करीत वाठारला उतरतो. पूर्वी महाबळेश्वरला जाणारे साहेब लोक या वाठारलाच उतरून पुढचा प्रवास करीत. रेल्वेच्या नावात 'रोड' हा शब्द दिसला की गाव तेथे नाही असे खुशाल समजावे. मिरज-पंढरपूर मार्गावरचे 'जत रोड' हे त्याचे ठळक उदाहरण. साताऱ्याच्या स्टेशनला तो शब्द जोडलेला नाही एवढेच. रिक्षा करून मी गेलो, आणि सकाळची मिरजेकडे जाणारी गाडी वेळेवर मिळाली.

तिकिटाच्या खिडकीवर एक गोष्ट पुन्हा जाणवली. ज्येष्ठांना रेल्वे पूर्वी सवलत देत असे, पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के. मार्च २०२०पासून ती बंद आहे. एसटीत मात्र ६५ ते ७५ वर्षांच्या प्रवाशाला अर्धे तिकीट लागते आणि ७५ पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून प्रवास पूर्णपणे मोफत आहे. एकाच दिवशी, एकाच प्रवासात, मी मिरजेपर्यंत तरुण होतो आणि तेथून पुढे ज्येष्ठ झालो.

सातारा ते मिरज हे अंतर रेल्वेने सुमारे १३५ किलोमीटर. हा मार्ग मी लहानपणी मीटरगेजचा पाहिला आहे. १९७०च्या सुमारास तो ब्रॉडगेज झाला. एकेरी रुळाच्या काळात समोरची गाडी येईपर्यंत मसूर नाहीतर ताकारीसारख्या स्टेशनात थांबावे लागे, आणि त्या वेळात भुईमुगाच्या ओल्या शेंगांच्या पुड्या डब्यात येत. आता विजेची इंजिने आली. सप्टेंबर २०२४मध्ये पुणे-कोल्हापूर वंदे भारतही आठवड्यातून तीन दिवस धावू लागली. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु रहिमतपूर, तारगाव, शेणोली, नांद्रे या स्टेशनांवर टोपली घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी ती नव्हे.

कऱ्हाड आले की कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण होते. जवळच्या काले येथे १९१९मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्थेचा आरंभ केला. त्याआधी किर्लोस्करांचे नांगर विकणारे फिरते प्रतिनिधी म्हणून ते गावोगाव हिंडले होते. खेड्यातील मुलगा शाळेपर्यंत का पोहोचत नाही, हे त्या हिंडण्यात त्यांना जेवढे कळले असेल तेवढे कोणत्या अहवालातून कळणार! पुढे किर्लोस्करवाडी. १९१०मध्ये औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणला तेव्हा या स्टेशनचे नाव कुंडल रोड होते. येथे अजूनही कुंडलच्या पार्श्वनाथाला जाणारी आपली माणसे उतरतात, आणि पुढच्या भिलवडीला औदुंबरचे भाविक. डब्यात माझ्यासमोर बसलेले एक हळदीचे व्यापारी सांगलीपर्यंत बोलत होते. त्यांच्याकडे दोन मोटारी आहेत. "मग रेल्वेने कसे?" असे मी विचारले. "मोटारीत बसलं की फोनवरच बोलणं होतं, इथं माणसांशी होतं," असे त्यांनी सांगितले आणि बोलण्याच्या ओघात तासगावच्या बेदाण्याचा भावही माझ्याकडून काढून घेण्याचा प्रयत्न केला. तो मला ठाऊक असता तर मी नक्की सांगितला असता.

मिरज हे स्थानक एकेकाळी रुळांचे प्रदर्शनच होते. पुण्याकडे ब्रॉडगेज, बेळगावकडे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे बार्शी लाइटची अडीच फुटी नॅरोगेज, असे तिन्ही रुंदींचे रूळ येथे येऊन मिळत. माल एका गाडीतून दुसरीत चढवणाऱ्या हमालांवर कित्येक कुटुंबे जगली. आता सगळे रूळ एका मापाचे झाले. एप्रिल २०१६मध्ये लातूरला पिण्याचे पाणी घेऊन जाणाऱ्या गाड्या येथूनच भरून निघाल्या, ते रुळांच्या या एकसारखेपणामुळेच शक्य झाले. पंढरपूरकडची गाडी अक्काच्या भागातूनच जाते; परंतु तिची वेळ आणि माझी वेळ जुळत नव्हती. म्हणून मी एसटी स्टँडकडे वळलो.

भाऊबीजेच्या दिवशी एसटी स्टँड ज्याने पाहिले नाही त्याला महाराष्ट्राची गर्दी ठाऊक नाही. १७ मार्च २०२३पासून स्त्रियांना सर्व गाड्यांत अर्धे तिकीट आहे. लेकुरवाळ्या, नव्या साड्या, हातात फराळाच्या पिशव्या, आणि प्रत्येकीला दुपारपर्यंत माहेरी पोहोचायचे. आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींत या सवलतीवर टीका चालते. महामंडळ कर्जात बुडेल, असे आम्ही बाकावर बसून सिद्ध करीत असतो. हिशेबाचा माणूस म्हणून मीही त्यात भर घातली आहे. त्या दिवशी मिरजेच्या स्टँडवर उभे राहून पाहिले तेव्हा वाटले की आपण खर्चाची बाजूच तेवढी वाचत होतो. शेजारच्या बाईने सांगितले की दोन मुलांना घेऊन येण्याजाण्याचे भाडे परवडत नाही म्हणून ती दर वर्षाआड माहेरी जात असे. आता दर वर्षी जाते. ही नोंद कोणत्या खात्याला करायची?

पहिल्या दोन गाड्यांत मला चढताच आले नाही. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याचे वय गेले होते. तिसऱ्या गाडीत कंडक्टरने "आजोबांना वाट द्या" म्हटले. हा शब्द स्वतःसाठी मी प्रथमच ऐकला, आणि चढलो.

येथे थोडे मागे जायला हवे. १९७५ ते १९७९ या काळात मी सांगलीच्या चिंतामणराव कॉमर्स कॉलेजात शिकत होतो आणि एका गल्लीत खोली घेऊन राहत होतो. खाणावळीचे पैसे घरून येण्यासारखे नव्हते. आमच्या भागाने १९७२चा दुष्काळ नुकताच सोसला होता. तेव्हा अक्काने तिच्या सासरहून माझा डबा सुरू केला. तिच्या गावी मुक्कामी गाडी असे. रात्री यायची, ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपायचे आणि सकाळी साडेसहाला गाडी सांगलीकडे निघायची. अक्का चारला उठे. दाजींचे किराणा दुकान थांब्यासमोरच होते. दुकानाची फळी उघडण्याआधी ते डबा ड्रायव्हरच्या स्वाधीन करीत. ड्रायव्हरच्या मागच्या लाकडी फळीवर असे पंधरा-वीस डबे ओळीने बसलेले असत, प्रत्येकाच्या पिशवीवर मुलाचे नाव आणि कॉलेज. सांगलीच्या स्टँडवर आम्ही मुले वाट पाहत उभे. शाळूची भाकरी, चातुर्मासात पालेभाजी बंद म्हणून उसळ, एका कप्प्यात शेंगदाण्याची चटणी. परीक्षेचा फॉर्म भरण्याच्या वेळी भाकरीखाली चौपदरी घडी केलेल्या नोटा निघत. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत जाई, आणि अंधार पडण्याआधी तो घासून ठेवायचा म्हणून अक्का थांब्यावर उभी राही. चार वर्षांत डबा हरवला असे एकदाही झाले नाही. ओढ्याला पूर आला की गाडी यायची नाही; त्या दिवशी केळी.

बसमध्ये हे सारे आठवण्याइतका निवांतपणा कोठला! तरी खिडकीबाहेर नजर गेली की आठवे. ज्या माळावर तेव्हा बाभळी आणि कुसळ होते तेथे म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी चढवले आहे, आणि आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा व बेदाण्याच्या शेड दिसतात. नोकरीच्या आरंभी याच भागातील शाखेत मी होतो. पीककर्जाच्या वसुलीसाठी एसटीने जायचे आणि ज्याच्याकडे वसुली करायची तोच शेजारी बसून माझे तिकीट काढायचा हट्ट धरायचा, असे प्रसंग अनेक आले. तिकीट मी कधी काढू दिले नाही. वसुलीही फारशी झाली नाही.

कवठेमहांकाळला उतरलो तेव्हा सव्वातीन झाले होते. अक्काच्या गावची गाडी पावणेचारला होती. फलाटावरचा फलक मी नीट वाचला, त्याखाली उभा राहिलो, आणि अर्धा तास समोर पाहत राहिलो. माझी गाडी माझ्या डाव्या अंगाला तीन फलाट सोडून लागली, भरली आणि निघून गेली. मी वाचला होता तो शेजारच्या फलाटाचा फलक. चूक सर्वस्वी माझी. डॉक्टरांनी पेन्सिलीने रेघ ओढलेला तो काळा भाग असा प्रत्यक्षात उतरला, तेव्हा हातापायांतील बळ गेल्यासारखे झाले. पुढची गाडी साडेपाचला. म्हणजे अंधार.

मी अक्काला फोन केला. "अक्का, गाडी चुकली. तू जेवून घे."

"घड्याळ माझ्याकडंबी हाय," ती म्हणाली. "ये तू."

मुलाचा नंबर पुढे केला आणि पुन्हा खिशात ठेवला. तो पुण्यात बसून काय करणार होता? तेवढ्यात बाकावर मुलाला बिस्कीट भरवणारी एक बाई म्हणाली, "काका, जतच्या गाडीत बसा. नागज फाट्याला उतरा. तितनं वडाप मिळतंय." वडाप हा शब्द सातारा-सांगलीकडच्या वाचकांना सांगायला नको. जीप किंवा टमटम भरेपर्यंत उभी राहते, आणि भरल्यावरही आणखी चौघांसाठी थांबते. नोकरीत असताना मी या वाहनाला बेकायदा म्हणून नाक मुरडले आहे. त्या दिवशी त्याच्यासाठी जतच्या गाडीत उभ्याने प्रवास केला.

नागज फाट्यावर पाच वाजले होते. वडापात आठ माणसे बसली होती आणि चालक आणखी दोघांची वाट पाहत होता. मी त्याला माझी अडचण सांगितली, रिकाम्या दोन जागांचे पैसे देऊ केले. त्याने ते घेतले नाहीत. मागे बसलेल्या दुधवाल्याने आपला कॅन मांडीवर घेतला, मला जागा केली, आणि चालकाला म्हणाला, "चल रं, म्हातारी उपाशी ऱ्हाईल." माझ्या सांगण्यातून त्याने एवढेच नेमके उचलले होते.

थांब्यावर उतरलो तेव्हा ऊन देवळाच्या कळसावर होते. पाच वाजून चाळीस मिनिटे. दाजींच्या दुकानाच्या पायरीवर अक्का बसली होती. दाजी जाऊन नऊ वर्षे झाली, दुकान आता भाचा पाहतो. तिने काही विचारले नाही. पाट मांडलेलाच होता, ताट वाढलेले होते, निरांजनात वात होती. ओवाळले, मी पहिला घास घेतला आणि तिला बसवले. आम्ही दोघांनी पंधरा मिनिटांत जेवण उरकले. एवढ्या घाईने श्रीखंड मी आयुष्यात कधी खाल्ले नव्हते. तिने शेवटचे पाणी प्यायले तेव्हा अंगणात अजून उजेड होता.

रात्री भाच्याशी दुकानाचे बोलणे निघाले. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी माल एसटीच्या टपावरून येत असे. आता टेम्पोने दारात येतो. तेव्हा एसटीची तुम्हाला गरज उरली नाही, असे मी म्हणालो. त्याने मान हलवली. नोव्हेंबर २०२१पासून एप्रिल २०२२पर्यंत एसटीचा संप चालला होता, त्या महिन्यांची खतावणी त्याने काढून दाखवली. माल वेळेवर येत होता, गिऱ्हाईक येत नव्हते. आसपासच्या वाड्यांवरच्या बायका बाजारच्या दिवशी एसटीने येतात, दळण, दवाखाना, बँक आणि किराणा एका फेरीत उरकतात. गाडी नाही म्हणजे फेरी नाही. "मामा, आमची गाडी टेम्पो. गिऱ्हाइकाची गाडी एसटी," असे तो म्हणाला. आपल्या समाजातील किती दुकाने आजही त्या गिऱ्हाइकावर उभी आहेत, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या खतावणीवरून घ्यावा. मुक्कामी गाडी मात्र आता त्या गावी येत नाही. शाळेची मुले सकाळची पहिली गाडी धरायला फाट्यापर्यंत चालत जातात.

त्याच बोलण्यात डोळ्यांची गोष्ट मला सांगावी लागली. फलक चुकीचा वाचल्याचेही सांगितले. अक्का तांदूळ निवडत होती. तिने काही म्हटले नाही.

दोन दिवसांनी मी परत निघालो तेव्हा ती पिशवी भरून ओसरीवर तयार बसलेली होती. पिशवीत दोन लुगडी, जपमाळ, गाळून तापवलेल्या पाण्याची बाटली, आधार कार्ड आणि डबा. "साताऱ्याला चार दिवस येते," एवढेच म्हणाली. भाच्याने गाडीने सोडण्याची तयारी दाखवली; तिने फक्त फाट्यापर्यंत सोडू दिले. वाटेत एक दिगंबर मुनिसंघ विहार करीत निघालेला दिसला. चातुर्मास संपला होता. पुढे-मागे श्रावक, हातात पिंछी-कमंडलू, रस्त्याच्या कडेने एका लयीत पडणारी पावले. भाच्याने मोटार बाजूला घेतली, आम्ही उतरून नमोस्तु केले. अक्का त्या पावलांकडे बराच वेळ पाहत राहिली.

सांगलीहून साताऱ्याची गाडी आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, कऱ्हाड अशी जाते. स्टँडवर फलक अक्काने वाचला. ती सातवीपर्यंत शिकली आहे; बोट फिरवीत, मोठ्याने, प्रत्येक गाव उच्चारून वाचला आणि मग मला म्हणाली, "हीच." गाडी आली तेव्हा माझ्या डाव्या हाताला धरून ती पुढे झाली. कंडक्टर आला. मी अर्ध्या तिकिटाचे पैसे काढले, अक्काने आधार कार्ड पुढे केले.

"आजी, कुठं जायचं?"

"साताऱ्याला," ती म्हणाली. "ह्याला सोडाय."

त्याने यंत्रातून आधी तिचे शून्य रुपयांचे तिकीट काढले. ते तिने नीट घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवले.